नातीच्या जेवणाला टाळ्या बंद

गावच्या नाटकात मी तीस वर्षं राक्षस केला. समोर माणूस बसला की मला राहवत नाही, आणि माझ्या वाट्याला आलेला सगळ्यात चांगला प्रेक्षक म्हणजे माझी दहा महिन्यांची नात. मी नुसती भुवई उडवली तरी ती खिदळते.

लेक बाळंतपणापासून जामसंड्यात आमच्याकडेच होती. सोमवारी तिची कणकवलीच्या बँकेतली रजा संपत होती. नातीनं दुपारी आपल्या हातानं जेवायचं आणि मी फक्त समोर बसायचं, असं ठरलं होतं. किती सोपी भूमिका!

बुधवारी लेकीनं मऊ उकडलेल्या रताळ्याच्या बोटाएवढ्या फोडी पोरीपुढे ठेवल्या. पहिली तोंडात गेली, मी टाळ्या वाजवल्या. दुसरी गेली, मी राक्षसाची आरोळी ठोकली. पहिली अजून गालातच आहे, हे माझ्या कशाला लक्षात येतंय! माझ्याकडे बघतच ती तिसरी कोंबायला लागली आणि मध्येच थांबली. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी, जीभ बाहेर, घशात खरखर. मी बोट घालून तुकडा काढायला धावलो. लेकीनं माझं मनगट असं धरलं की ते अजून दुखतं.

"बाबानू, बोट घालू नकात! तुकडो आणखी आत जायत!"

पोर खोकली, ओकली, सगळा लगदा ताटलीत पडला. मग ती रडली. मीही रडायचाच बाकी होतो.

लेक पोरीचं तोंड पुसत सांगायला लागली. "चेडू खोकता, आवाज करता, म्हणजे वारो जाता. तेव्हा तिचा तिका करूक देवचा. आवाज बंद झालो, श्वास घेवक जमना नाय, तर हातार पालथी घालायची, डोकां खाली, आणि पाठीर खांद्यांच्या मधी पाच जोरात थापटे. आणि माणसांका हाक मारायची." उशी आणून तिनं माझ्याकडून दहा वेळा तालीम करून घेतली. मग म्हणाली, "आणि ती घाईन खाता कोणामुळे, माहीत आसा? तुमच्या टाळ्यांसाठी. शनिवारपर्यंत तुमका गप बसाक जमला नाय, तर मी नोकरी सोडतंय."

शनिवारी मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो.

"ह्यांका गप बसलेले मी लग्नात पण बघूक नाय," आतून बायको म्हणाली.

आधी लेकीनं पोरीच्या हातात आंब्याचा बाठा दिला, गर काढून साफ केलेला. कोंबू म्हटलं तरी तो कोंबता येत नाही. तिनं तो आत ढकलला, तिला उमासा आला, तिनं तो मागे ओढला. पुन्हा ढकलला, या वेळी जरा बेतानं. कुठवर न्यायचा ते तिचं तीच शोधत होती. मग लेकीनं चावून दाखवायला माझ्या तोंडात आंब्याची फोड दिली आणि पोरीच्या पुढ्यात रताळ्याची, एकच. बाकीची ताटली लेकीच्या हातात.

फोड अख्खी आत गेली. पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या तोंडातली आंब्याची फोड सावकाश, जबडा हलवून चावत राहिलो. तिचा चेहरा लाल झाला. खर्र. मी आयुष्यात इतकं कान देऊन काही ऐकलेलं नाही. खर्र. पुन्हा खर्र.

मग काहीच नाही.

माझा उजवा हात अर्धा बाहेर आला. लेक खुर्चीवरून उठली.

खोकला! लहानसा, पण खणखणीत. फोड जिभेवर पुढे आली, पोरीच्या हिरड्या हलायला लागल्या. माझ्या जबड्याकडे बघत ती चावत होती. गिळून झाल्यावर तिनं रिकामं तोंड उघडून मला दाखवलं आणि टाळ्यांची वाट बघत बसली.

त्या मी वाजवल्या नाहीत. खरं सांगायचं तर हातांना मुंग्या आल्या होत्या.

लेकीनं दुसरी फोड ठेवली. "सोमवारी माझी साडेसातची एसटी," ती म्हणाली. "चेडवाक बाराक जेवण."

मी फक्त मान डोलावली. तोंडात आंबा होता, आणि गिळून होईपर्यंत गप्प राहायचा नियम आता मलाही होता.