आक्कांनी पास केलेलं पुस्तक

आक्कांना एक अक्षर वाचता येत नव्हतं आणि कळमनुरीच्या आमच्या वाचनालयात पुस्तकाची पारख त्यांच्याइतकी कोणालाच नव्हती. जुन्या समितीतले जे कोणी हयात असतील त्यांना हे वाचून ठसका लागेल. लागू दे. मी तिथला ग्रंथपाल होतो, आक्का झाडलोट करायच्या, आणि दोघांत शहाणं कोण हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. "मला वाचता येत न्हाई मास्तर, पण खोटं ऐकू येतं," असं त्या म्हणायच्या. मी मास्तर नव्हतो, पण हातात पुस्तक असलेला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तरच.

त्यांचं माहेर शिरड शहापूरकडचं. माहेरी मेंढरं, सासरीही मेंढरं. नवरा म्हाळोजी कळप घेऊन वर्षातले आठ महिने रानोमाळ हिंडायचा. धाकटी लेक सुमन शाळेत हुशार निघाली, म्हणून तिच्यासाठी आक्का गावात राहिल्या आणि वाचनालयाचा झाडू हातात घेतला. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट, आमचा जिल्हा तेव्हा परभणी होता. पन्नाशीला टेकलेली ही बाई रोज उजाडताच नऊवारीचा काचा मारून नांदेड रस्त्यानं पळायला जायची. कारण विचारलं तर म्हणायची, "लहानपणापासून मेंढरामागं पळत आले. आता मेंढरं जवळ न्हाईत म्हणून पाय काहून बसवू?" रस्त्याकडेच्या हॉटेलात बसलेली रिकामटेकडी मंडळी खिदळायची. त्यांच्याकडे न बघता आक्का म्हणायच्या, "हसू द्या. तोंड त्यांचं, पाय माझे."

सुमन आईवर गेली होती. नववीत असताना ती तालुक्याच्या शर्यतीत पहिली आली आणि परभणीच्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली. तिच्या मागोमाग शाळेतल्या आणखी सात-आठ मुली पळायला लागल्या. गावात हे नवलच होतं. मग समितीनं ठरवलं की वाचनालयात धावण्यावरचं एखादं पुस्तक हवं, नवख्यांना आणि मुरलेल्यांना, दोघांनाही उपयोगी पडेल असं. दुकानदारानं पसंतीसाठी तीन पुस्तकं पाठवली. एक ठेवायचं आणि उरलेली दोन महिन्याभरात परत करायची, असा रिवाज होता.

दुपारी बारा ते चार वाचनालय बंद असायचं. त्या वेळात मी वाचायचो आणि आक्का भिंतीला टेकून ऐकायच्या. मी सवयीनं प्रस्तावनेपासून सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला. "मानपान ऱ्हाऊ द्या. थांबायचं पान काढा." मला कळेना. त्या म्हणाल्या, "पळ म्हणून कोणी बी सांगतंय. कवा थांबायचं ते ज्याला ठावं, तोच पळलेला असतो."

पहिलं पुस्तक चांगलं जाडजूड, कापडी बांधणीचं, वर सोनेरी अक्षरं. त्यात धावण्याचा प्राचीन इतिहास होता, थोरामोठ्यांचे आशीर्वाद होते आणि खऱ्या धावपटूनं थांबण्याचा विचारही मनात आणू नये, असा उपदेश होता. धावताना आणि धावल्यावर तासभर पाणी पिऊ नये, असंही ठासून लिहिलं होतं. आक्का म्हणाल्या, "हा माणूस बसून लिहून राहिला." दुसऱ्या पुस्तकात चित्रं सुरेख होती, पण पहिली वीस पानं बूट, मोजे आणि घड्याळ यांवर खर्ची पडली होती. "हे दुकान हाय," एवढं बोलून त्यांनी तेही बाजूला सारलं.

तिसरं पुस्तक पातळ, पिना मारलेलं, कुणा शाळामास्तरानं लिहिलेलं. पहिला आठवडा नुसतं चाला, असं त्यात होतं. मग थोडं पळा, थोडं चाला. पळता पळता शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, दम लागून बोलता येईना तर चालू लागा. हे ऐकून आक्का ताठ बसल्या. "बराबर! आमच्यात तेच सांगतेत. मेंढराला हाक देता आली पाहिजे. हाक निघंना म्हंजे तू जादा पळून राहिला." शेवटचं प्रकरण वर्षानुवर्षं पळणाऱ्यांसाठी होतं, दुखऱ्या गुडघ्याला विश्रांती कशी द्यावी याचं. ते त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग त्यांनी निकाल दिला तो मी आजवर विसरलेलो नाही. "नवख्याला पुस्तक पाहिजे त्यानं भिऊ नये म्हणून, आन जुन्याला पाहिजे त्यानं माजू नये म्हणून. हे पास."

पण पास करणाऱ्या आक्का कोण! समितीचे अध्यक्ष वकीलसाहेब. त्यांनी तिन्ही पुस्तकं उघडलीसुद्धा नाहीत, हातात धरून नुसतं वजन पाहिलं. "तपासणीला साहेब आले की कपाट भरलेलं दिसलं पाहिजे," म्हणत त्यांनी जाडं पुस्तक निवडलं. आमच्या समितीची पुस्तक निवडण्याची रीतच ही होती. बैठकीत रीतसर ठराव व्हायच्या आधीच त्यांनी ते शाळेच्या ड्रिलमास्तरांकडे पाठवलं. ड्रिलमास्तर भला माणूस, छापलेल्या शब्दावर फार विश्वास. त्यांनी पुस्तकाबरहुकूम मुलींना पळवायला सुरुवात केली. चालणं नाही, थांबणं नाही, पाण्याचा थेंब नाही, आणि दिवस मार्चअखेरचे.

तिसऱ्या दिवशी सुमन नाक्याजवळ कोसळली. ओरड ऐकून आक्का झाडू टाकून धावल्या तसं मी कधी कोणाला धावताना पाहिलेलं नाही. पोरीला सावलीत आणून त्यांनी डोक्यावर ओलं फडकं ठेवलं, पदरानं वारा घातला. अर्ध्या तासानं तिनं डोळे उघडले, तेव्हा घोट-घोट पाणी पाजलं. मला रडू आलं. आक्कांना आलं नाही. "रडायला मागून लई वेळ हाय," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी समितीची बैठक झाली. वकीलसाहेब म्हणाले, "पुस्तकाचा काय दोष? मुलीच्या जातीला हे झेपणारच नाही. मी हेडमास्तरांना सांगतो, परभणीला मुली पाठवायच्या नाहीत." सगळ्यांनी माना डोलावल्या. आक्का दाराशी उभ्या होत्या, त्या आत आल्या. समितीची बैठक चालू असताना त्यांनी उंबरा ओलांडायचा नाही, असा अलिखित नियम होता. त्या टेबलापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, त्या पातळ पुस्तकातलं पाण्याचं पान वाचा."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. मी भ्यालो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मी पुस्तक उचललं आणि वाचलं. तहान लागली की थोडं थोडं पाणी प्यावं, उन्हाच्या दिवसांत तर नक्कीच. मग आक्कांनी सांगितल्यावर जाड्या पुस्तकातलं पाण्याचं पानही वाचलं. "माझी लेक पुस्तकानं पाडली, जातीनं न्हाई," आक्का म्हणाल्या. "ती परभणीला जाईल. पाठवायची तकलीफ तुमी घेऊ नका, मी घिऊन जाते."

ठराव जाड्या पुस्तकाचाच झाला. असं कुठं असतं, की झाडणाऱ्या बाईनं सांगितलं आणि समितीनं ऐकलं! पातळ पुस्तक परत पाठवायला आठ दिवस उरले होते. "मंग आठ दिसांत उतरवू," आक्का म्हणाल्या. रोज दुपारी मी आणि सुमन आळीपाळीनं दोनशे पानी वहीत लिहायचो आणि आक्का मध्येच थांबवायच्या. पुस्तकात शाळामास्तरांनी 'मैदानावर' लिहिलं होतं, आक्का म्हणायच्या, "हितं मैदान कुठंय? गाडीवाट लिवा." निघायच्या आधी तळपाय बघून बाभळीचा काटा काढावा, पावसाळ्यात काळ्या रानात पळू नये, पायाला मातीचे बूट चढतात, पाळीच्या दिवसांत पोरीनं अंग बघून पळावं, त्यात लाजायचं काही नाही. हे शेवटचं लिहिताना सुमननं माझ्या हातातून वही काढून घेतली आणि स्वतः लिहिलं. वही संपली तेव्हा निम्मं शाळामास्तरांचं होतं आणि निम्मं आक्कांचं.

म्हटल्याप्रमाणं आक्का तिला घेऊन गेल्या आणि त्या वहीवर पळून सुमन परभणीला चौथी आली. आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो. आक्का म्हणाल्या, "चौथी म्हंजे तिघी समोर होत्या. त्या कोणतं पुस्तक वाचून राहिल्या, इचारलंस का?" सुमन खरोखरच विचारून आली होती. एकीच्या मास्तरीणबाईंनी सांगितलेल्या दोन गोष्टी वहीत चढल्या.

मग मी एक उद्योग केला. वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढवावं लागतं. मी त्या हस्तलिखित वहीला नंबर दिला आणि लेखकाच्या रकान्यात आधी शाळामास्तरांचं नाव लिहिलं. त्याखाली लिहिलं, गिरजाबाई भ्रतार म्हाळोजी. तपासणीच्या आधी वकीलसाहेबांच्या नजरेला ते पडलं. "झाडणारी बाई लेखिका? खोडा ते." मी म्हणालो, "नाही खोडणार." आयुष्यातलं माझं ते पहिलं 'नाही'. मला मेमो मिळाला, कायम होणं तीन वर्षं लांबलं. घरी बोलणी खाल्ली, ती वेगळीच. आक्कांना सांगितलं तेव्हा त्या झाडता झाडता थांबल्या आणि म्हणाल्या, "कसं दिसतंय माझं नाव, दाखवा." मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी पदर सावरला, बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहिलं. "लांब हाय की," एवढंच म्हणाल्या.

सुमन पुढं नर्स झाली आणि आईला आपल्याकडे घेऊन गेली. एसटीत बसताना आक्कांनी मला बजावलं, "कपाटात ठिऊ नका वही. पोरींच्या हातात ऱ्हाऊ द्या." चार वर्षांनी त्या गेल्याचं पत्र आलं. त्या दिवशी मी वाचनालय उघडलं नाही आणि कारणाच्या रकान्यात त्यांचं नाव लिहिलं. त्याचाही मेमो आला.

वाचनालयाच्या कपाटात जाडं पुस्तक अजून नवंकोरं आहे, सोनेरी अक्षरं तशीच चमकतात. वही वापरून वापरून फाटली, मुलींनी दुसरी उतरवली, मग तिसरी, त्याही फाटल्या, आता चौथी चालू आहे. निवृत्त झाल्यावर मी मागच्या महिन्यात तिकडे गेलो होतो. वही पाहायला मागितली तर नवी ग्रंथपाल मुलगी म्हणाली, "सर, ती कधीच जाग्यावर नसते."