मेलेल्या डिस्कांची गोणी

कुलूपताई भंगारवाल्याबरोबर पळून गेली, अशी कुजबुज एका संध्याकाळी अख्ख्या गल्लीत झाली. बातमी तिच्या सख्ख्या नणंदेने सोडलेली, म्हणजे माल घरचा, भेसळ नाही. त्यात भंगारवाला विधुर, मिशांना कलप लावणारा आणि स्वतःच्या लॉरीचा मालक. एवढ्या भांडवलावर गल्ली वर्षभर जगली असती.

कुलूपताई हे नाव ऑफिसातल्या लोकांनी ठेवलेलं. दार लावलं की ती कुलूप ओढून बघे, चार पावलं जाई आणि परत येऊन पुन्हा ओढून बघे. नवरा घरीच शिलाईकाम करायचा. तो सांगे, "एकदा मला आत ठेवून कुलूप लावून गेली. आणि वर ओढूनही पाहिलं."

नोकरी एका डेटा सेंटरमध्ये. उंच लोखंडी कपाटं, त्यांत रात्रंदिवस घुमणारी यंत्रं, आणि गारठा असा की बाई बारा महिने स्वेटरात. त्या यंत्रांच्या पोटात गावातल्या दवाखान्यांची सगळी माहिती होती. कोणाला कसलं दुखणं, कोणाला मूल का होत नाही, कोण कसल्या गोळ्या चोरून घेतो. आपल्यासारख्या गप्पिष्टांच्या हाती लागलं असतं, तर गावात निम्मी लग्नं मोडली असती.

मालकाने धंदा गुंडाळायचं ठरवलं आणि आवराआवर कुलूपताईच्या गळ्यात आली. तिने मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना तोंडावर सांगितलं, "तुमच्या पेशंटांचं एक अक्षर बाहेर जाणार नाही. गेलं तर माझ्या दारात या."

मग ती कामाला लागली. आधी माहिती नव्या जागी हलवली, तिथे नीट उघडते की नाही ते पाहिलं, आणि मगच एकेक यंत्र बंद केलं. ॲसिडच्या बॅटऱ्या बॅटरीवाल्यांकडे परत धाडल्या. डिस्का पुसून कोऱ्या केल्या. तरीही हट्ट असा, की कोऱ्या डिस्कासुद्धा चुरा करणाऱ्या कारखान्यातच जातील. भंगारात फक्त कपाटं, पत्रे आणि वायरी.

सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटच्या दिवशी दुपारी तिला बिघडलेल्या डिस्कांची, दाराजवळ बाजूला ठेवलेली गोणी दिसेना.

"ती होय? पत्र्यांबरोबर दिली की," वायरमन म्हणाला. "मेलेल्याच डिस्का होत्या ना ताई? सुरूच होत नव्हत्या."

"अरे, सुरू होत नाहीत म्हणून तर पुसता आल्या नाहीत. आतलं सगळं जसंच्या तसं आहे. जाणत्या माणसाने उघडल्या की घडाघडा बोलतील त्या."

लॉरी फाटकातून बाहेर पडत होती. कुलूपताई धावली आणि न विचारता भंगारवाल्याच्या शेजारी जाऊन बसली. फोन टेबलावर, पर्स खुर्चीवर.

"बाई, उतरा. लोक काय म्हणतील?"

"लोकांचं लोक बघतील. माझी गोणी द्या, उतरते."

"ती तळाशी आहे. वर सगळा पत्रा."

"मग तुमच्या अड्ड्यावर काढू."

अड्डा दूरच्या गावी. वाटेत तिने त्याच्या फोनवरून घरी कळवलं. परक्याचा फोन म्हणून बोलणं आटोपशीर ठेवलं. "भंगारवाल्याबरोबर आहे. उद्या येते. दूध तापवून ठेवा." नवऱ्याने शिलाई थांबवून मोठ्याने विचारलं, "भंगारवाल्याबरोबर? उद्या?" समोर नणंद फॉल लावून घ्यायला बसली होती. फॉल तसाच टाकून ती गल्लीत गेली.

पोचेपर्यंत अंधार पडला. माल ढिगावर ओतला आणि क्रेनवाला घरी गेला. कुलूपताईने भंगारवाल्याच्या आईच्या खोलीत अंग टाकलं. म्हातारी अशी घोरत होती, की बंद केलेलं डेटा सेंटर पुन्हा सुरू झाल्यासारखं वाटलं.

सकाळी ती ढिगात उतरली. गोणी सापडली, पण फाटलेली. डिस्का पत्र्यांत विखुरलेल्या. हात खरचटले, कपडे टराटरा फाटले.

"दोन-चार राहिल्या तर काय बिघडतं?" भंगारवाला काठावरून म्हणाला. "कोण बघतंय?"

"तुमच्या आईला काय दुखणं आहे, ते तुमच्या गिऱ्हाइकांना सांगू?"

"सांगून तर बघ," आतून म्हातारी ओरडली.

भंगारवाल्याने बाह्या सरसावल्या. दोघांनी मिळून ढीग उलटापालटा केला. डिस्कांवरचे नंबर ऑफिसातल्या यादीशी वायरमनने फोनवरून ताडून दिले. एक काही केल्या सापडेना. ती अगदी तळाशी, दुमडलेल्या पत्र्याच्या घडीत निघाली, तेव्हा कुठे बाई पाणी प्यायली.

तिथून चुरा करणाऱ्या कारखान्यात. प्रत्येक डिस्क तिने स्वतः यंत्राच्या तोंडाशी धरली. पलीकडे नखाएवढे तुकडे पडले, ते तिने वाकून पाहिले आणि मगच पुढची दिली.

गल्लीत उतरली ती भंगारवाल्याच्याच लॉरीतून, त्याच्या आईचे कपडे घालून, तोंड तव्यासारखं काळं. प्रत्येक खिडकीत मुंडकी.

"काय वहिनी, झालं का मनासारखं?" नणंदेने विचारलं.

"झालं. तळातलीसुद्धा सापडली."

"जेवलीस का?" नवऱ्याने विचारलं, आणि तिला पाणी काढून द्यायला आत गेला.

कुलूपताई पळून गेली नव्हती. न पुसलेल्या डिस्कांची गोणी चुकून भंगारात गेली होती. ती आणायला बाई गेली, सगळ्या डिस्कांचा चुरा करून घेतला आणि घरी आली.