तोंड आणि शेपटी

आई मासा घेताना कल्ले बघत नाही. आधी शेपटी बघते, मग तोंड. मालवणच्या बाजारात मासेवाल्या तिची थट्टा करायच्या, पण जपून, कारण त्यांना कारण माहीत होतं.

हे बघणं बाबांनी शिकवलेलं. मासा साफ करताना ते त्याचं पोट उघडून दाखवायचे. सुरमई लांब, घट्ट, शेपटीला खोल खाच. ती वरच्या पाण्यात पळत्या माशांमागे लागते, म्हणून पोटात तारल्या. हेकरू जाडजूड, शेपटी गोल, तोंड हे एवढं. तो खडकाच्या कपारीत बसून राहतो आणि समोरून जाईल ते गिळतो, कधी अख्खा खेकडासुद्धा. मग बाबा गाल फुगवून हेकरूचं तोंड करायचे आणि मी हसून हसून बेजार व्हायचे.

एकदा होडी परत आली, बाबा आले नाहीत. वादळी पाण्यात पडले, सापडलेच नाहीत. त्यानंतर आईने हेकरू, मोरी म्हणजे मुशी मासा, खेकडा, तळाशी मिळेल ते गिळणारं काहीच घरात येऊ दिलं नाही. फक्त खाचेच्या शेपटीचा मासा. का, ते आम्ही दोघी कधी बोललो नाही.

माझी बदली चंदीगडला झाली, तेव्हा तिला सोबत आणलं. या शहरात समुद्र सोडून सगळं आहे. मासाही मिळतो, पण पांढरे तुकडे. दुकानदार ऐटीत म्हणाला, "मुंडी नहीं, काँटा नहीं जी, पक्का साफ माल."

आईने घरी तो तुकडा हातात फिरवून बघितला. "ह्याचां तोंड खंय गो?"

तेव्हापासून तिने मासा सोडला. राजमा तिला गिळवत नाही, पोळी चाववत नाही. बघता बघता ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. मी घाबरले, आणि घाबरले की मी चिडते. दुकानदाराच्या खनपटीला बसून अख्खी सुरमई मागवली, डोक्याशेपटासकट. "मॅडमजी, मुंडी का क्या करोगे?" तो विचारत राहिला.

सुरमई ओट्यावर मावेना. "आये, खाच बघ," मी म्हटलं. "ही तळाक जाणा नाय. पळणाऱ्याच्याच पाटी लागता. मेलेल्याक तोंड लावणा नाय, जित्याकच धरता." इतक्या वर्षांत न बोललेलं मी एका दमात बोलून गेले.

आईची बोटं खाचेत होती. ती हळूच म्हणाली, "तुझो बापूस पडलो तेवा जितोच हुतो."

मला फार भीती वाटली. तिने पदर खोचला, सुरमई कापली, तिखलं केलं. मोठी तुकडी माझ्या ताटात वाढली. स्वतःच्या ताटात नुसता भात.

"जेव," ती म्हणाली.

मी घास घेतला. तो गिळून होईपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.