बिनविरोध गावातल्या काशीबाई

आमच्या सासूबाईंना, काशीबाईंना, हट्टी म्हणणारे पुष्कळ आहेत. म्हणोत बापडे! मी त्यांची सून, रसिका. एरवी आमटीतल्या मिठावरूनसुद्धा आमचं वाजतं, पण ही गोष्ट मी कुणालाही छाती पुढे काढून सांगेन.

धामापूरच्या पुढे आमचं गाव. भात, काजू, थोडे आंबे. गावाला अभिमान कसला, तर ग्रामपंचायतीची निवडणूक नेहमी बिनविरोध! मानकरी देवळात बसून एक नाव ठरवायचे, बाकी कुणी अर्ज भरायचा नाही. उमेदवारच एक, मग मतदान कसलं? वर गावाची एकी म्हणून आपणच आपली पाठ थोपटायची. सासूबाई लग्न होऊन इथे आल्या, केस पिकले, लोकसभेला, विधानसभेला न चुकता बोटाला शाई लावून आल्या. पण गावच्या सरपंचासाठी त्यांनी एकदाही मत दिलेलं नव्हतं.

मागच्या खेपेला सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं. मानकऱ्यांत शब्द चालतो सत्यवानदादांचा. त्यांनी आपल्या सुनेचं, किशोरीचं नाव ठरवलं. पोर गुणी, त्यात वाद नाही. पण सासूबाई एसटीत बसून मालवणला तहसील कचेरीत गेल्या आणि स्वतःचा अर्ज भरून आल्या. माझा नवरा गुरुदास कपाळाला हात लावून बसला.

"आये, तुका सरपंच व्हवचा आसा?"

"माका कित्याक व्हवचा? माका मत देवचा आसा! दिल्लीक कोणाक धाडूचा ता माका विचारतत, आणि माज्या दारातलो रस्तो कोणी करूचो ता विचारूक कोणाक सवड नाय?"

निवडणूक व्हावी म्हणून उभं राहणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. आधी मला हसू आलं. मग म्हटलं, अगं, चुकीचं काय आहे त्यात?

माघारीच्या आदल्या दिवशी देवळातून बोलावणं आलं. आमच्याकडे पेच पडला की देवीला कौल लावतात. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो, मानकरी प्रश्न विचारतात, उजवी पाकळी पडली की देवीचा होकार. सत्यवानदादा म्हणाले, "काशीबाईन माघार घेवची काय, ता देवीक विचारतव."

सासूबाई पदर खोचून उठल्या. "विचारा. पण आधी माजो प्रश्न. गावातल्या हरएकान आपला मत दिल्यान, तर देवीक चलात काय?"

"देवीक काय विचारूचा ता आमी ठरवतव."

"मगे तो कौल देवीचो नाय, तुमचो!"

बाप रे! गुरवाचा हात पाकळीसकट तसाच राहिला. दादा लालबुंद. "जत्रेक पयल्या ओटीचो मान तुमच्या घराक आसा," ते म्हणाले. "तो रवाचो नाय, सांगून ठेवतंय."

त्या मानावर सासूबाईंचा जीव. घरी येऊन चुलीपुढे बसल्या आणि रडल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "घ्या माघार! कशाला जीव जाळून घेता?"

त्यांनी डोळे पुसले. "देवीक माजी ओटी शेवटाक दिली तरी पावात गो. मत मात्र माका दुसऱ्या खंय मिळाचा नाय."

माघार घेतली नाही.

मतदान शाळेत होतं. रांग पार रस्त्यापर्यंत, आणि सासूबाई पहिल्या. दारात त्यांनी चपला काढल्या. ते बघून मागचीनं काढल्या, मग तिच्या मागच्यांनी. शाळेपुढे देवळासारखा चपलांचा ढीग! कणकवलीहून आलेले केंद्राधिकारी म्हणाले, "आजी, चपला घातल्या तरी चालतं."

"तुमका चलता, माका नाय."

शाई लावून त्या यंत्रापाशी आडोशाला गेल्या आणि तिथे हात जोडून, देवळात देवापुढे घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणंच सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! आज गाव आपल्या हातान आपलो माणूस निवडता हा. जो कोण येयत, तेच्या हातसून गावाचा बरा कर रे म्हाराजा!"

गाऱ्हाणं कानी पडलं आणि मालवणी माणूस गप्प बसला, असं कधी झालंय? अख्खी रांग गरजली, "होय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज सत्यवानदादांचा. सवय हो, दुसरं काय!

केंद्राधिकारी धडपडत उठले. "अहो आजी, मतदान गुप्त असतं!"

"मगे नाव खंय घेतलंय मी?" असं म्हणून सासूबाईंनी बटण दाबलं. शाईचं बोट मिरवत बाहेर आल्या आणि मला रडूच फुटलं.

निकालात किशोरी निवडून आली. सासूबाई पडल्या, पण प्रचाराला एक पाऊल न टाकताही त्यांना बरीच मतं पडली. कुणी दिली, देवीला ठाऊक.

मग जत्रा आली. ओटीचं ताट घेऊन आम्ही दोघी मुकाट्याने रांगेच्या शेवटी उभ्या राहिलो. तेवढ्यात किशोरी आली आणि सासूबाईंचा हात धरून त्यांना थेट गाभाऱ्यापर्यंत घेऊन गेली. तिथे सत्यवानदादा उभे होते. त्यांच्यादेखत ती म्हणाली, "मावशे, तू उभी रवलंस म्हणान माका गावान निवडल्यान. नायतर माका फकत मामंजींनी निवडल्यानी असता."

दादांनी सुनेकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. आणि बाजूला झाले.

पहिली ओटी आमच्या घरची गेली. ताट माझ्या हातात देत सासूबाई किशोरीला म्हणाल्या, "आता काम कर गो बाय. नायतर फुडल्या खेपेक मी आसंयच."

किशोरी हसली. "होय म्हाराजा," सत्यवानदादा म्हणाले.