गोठ्यामागचं खाकरणं

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचो. त्यांच्यासमोर मी कधी बिडी ओढली नाही, आणि मी बिडी ओढतो हे त्यांना लग्नाच्या आठवड्यापासून ठाऊक होतं. मुलचेऱ्याकडच्या त्यांच्या गावी गेलो की जेवण झाल्यावर मी हळूच गोठ्यामागे सटकायचो. त्यांचं तिकडे काही काम निघालंच, तर कोपऱ्यावर येण्याआधी ते मोठ्यानं खाकरत. मी बिडी विझवून भाताच्या तणसाच्या ढिगाकडे बघत उभा राहायचो, जन्मभर तेच बघत आल्यासारखा. ते येत, बैलाच्या पाठीवरून हात फिरवत, धानाबद्दल दोन शब्द बोलत आणि जात. धूर आमच्या मधोमध असायचा. अशी नऊ वर्षं आम्ही एकमेकांची अब्रू राखली.

मग ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरचा दुसरा मजला मला चढवेना. डॉक्टर म्हणाले, आत्ताच सोडा, नाहीतर पुढे सपाट रस्त्यावरही असाच दम लागेल. मी तीनदा सोडली, तीनदा पुन्हा धरली. मुलगी तेव्हा पहिलीत होती. मी जिन्यात मध्येच बसलो की तीही दप्तर मांडीवर घेऊन शेजारी बसायची. ते मला सहन होत नव्हतं.

शेवटी बायकोनंच मार्ग काढला. "बाबासमोर तुमचा हात खिशात जात नाई. पंधरा दिवस सुट्टी टाका न् जा तिथी. पत्ता तोडनं चालूच आहे."

म्हणजे बिडी सोडायला मी गेलो कुठे, तर तेंदूपत्त्याच्या हंगामात, बिडीच्याच पानांनी भरलेल्या घरात! पहाटे सगळे जंगलात जात आणि दुपारी ओसरीवर बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधत. मलाही बसवलं. हिरव्या पानाला बिडीचा वास नसतो, तरी माझ्या तोंडाला कोरड पडायची. दोन दिवस मी उगाच चिडलो, सासूबाईंच्या भाजीला नावं ठेवली.

तिसऱ्या दुपारी धीर सुटला. कोनाड्यात मामाजींचा बिडीचा कट्टा असायचा. त्यातली एक उचलली, गोठ्यामागे जाऊन पेटवली. कान कोपऱ्याकडेच होते. खाकरणं काही ऐकू आलं नाही. दुसरा झुरका घेऊन मान वर केली, तर समोर मामाजी. अनवाणी.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिडी टाकायचंही सुचेना.

"मी मुद्दामच नाई खाकरलो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट त्यांनाच लाज वाटत होती. "इतके साल खाकरून खाकरून मीच तुमाले पिऊ देलं. तिकडं माझी पोरगी फोनवर रडते, न् मी इथी इज्जत सांभाळून राह्यलो. आता नाई खाकरनार. कवाबी येईन."

मग ते घरात गेले, कोनाड्यातला कट्टा आणून उकिरड्यात फेकला. "मी बी सोडतो. एकट्यानं नाई होत, जवाई."

चाळीस वर्षांची सवय होती त्यांची. दुसऱ्या दिवशी पुडे बांधताना त्यांची पानांची मोजणी दोनदा चुकली. तलप आली की ते पिकलेलं टेंभरू माझ्यापुढे सरकवत, एक स्वतःच्या तोंडात टाकत. त्याच तेंदूच्या झाडाचं फळ ते. आम्ही दोघं बिया चघळत पुडे बांधायचो.

मी परत आल्यावर रोज दुपारी जेवणानंतर त्यांचा फोन यायचा.

"काय करून राह्यले?"

"काही नाही, मामाजी."

"मी बी काईच नाई," म्हणत आणि फोन ठेवत. बिडी सुटल्यावरही कितीतरी महिने तो फोन येत राहिला.

मागच्या हिवाळ्यात मामाजी गेले. मुलगी आता मोठी झाली, जिन्यात मी तिच्या मागोमाग न थांबता चढतो. दुपारी फोन तेवढा वाजत नाही.

यंदा पत्त्याच्या दिवसांत गावी गेलो होतो. जेवण झाल्यावर पाय सवयीनं गोठ्यामागे वळले. बिडीची आठवणही नव्हती. मामाजींची मात्र इतकी आली की भिंतीला टेकून रडलो. हात रिकामे होते, लपवण्यासारखं काही नव्हतं. तरी बराच वेळ कोपऱ्याकडे कान लावून उभा राहिलो, कोणी खाकरतंय का म्हणून.