आईच्या हिरव्या बांगड्या
आंबेहळदीचा वास आला की मला आईचं सुजलेलं मनगट आठवतं. निजामाच्या राजवटीचं ते शेवटचं वर्ष. वडील निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीपलीकडच्या छावणीत गेलेले, दीड महिना काही खबर नव्हती. देगलूरच्या घरी आडापाशी शेवाळावरून पाय घसरला आणि पन्नाशीला टेकलेली आई हातावर पडली. हाड बसवणारे चाचा आले तोवर बांगड्या सुजेत रुतल्या होत्या. "हाड लई ठिसूळ झालंय, बाई. बांगड्या फोडून फौरन बसवावं लागंल," ते म्हणाले. "फोडायच्या न्हाईत," आई म्हणाली. नवऱ्याचा पत्ता नसताना तिला बांगड्या फोडा म्हणायचं कुणी? मग कासारणीला बोलावलं. तिने तेल लावून मोडक्या हातावरून एकेक बांगडी अख्खी उतरवली आणि आईच्या दुसऱ्या हातात चढवली. आईने पदर दातांत धरला होता, बोटं काळीनिळी पडत चालली होती. चाचांनी आंबेहळदीचा लेप बांधला, पण उशीर झाला होता. दसऱ्याला वडील धडधाकट परतले. आईचं मनगट जन्मभर वाकडंच राहिलं. गेल्या महिन्यात माझंही मनगट मोडलं. नर्सने बांगडीला कटर लावला, तेव्हा नवरा शेजारीच उभा होता, तरी मी ओरडले, "थांबा!"