गोडं पाणी

तेलविहिरीत सोडायच्या पाण्याचा टँकर आला की विहिरींची दुरुस्ती बघणारे गराडे आधी त्यात बोट बुडवून जिभेला लावायचे. ते पाणी प्रयोगशाळेत तपासणं हे माझं काम. मी तपासून दिलं तरी त्यांचं बोट बुडायचंच. खारट लागलं की मान डोलवायचे, मगच पंप सुरू.

ते वडिवळ्याचे, मी लोणावळ्याचा. साठच्या दशकात गुजरातच्या त्या तेलक्षेत्रावर आम्ही दोघेच मावळातले. "तुम्ही लोणावळेकर मुंबईवाल्यांना धुकं विकून खाता, आम्हाला भात लावावा लागतो," असं ते मला चिडवत.

बोट बुडवण्याचं कारण ते कुणालाही सांगत. नोकरीच्या सुरुवातीला एका चांगल्या वाहत्या विहिरीची दुरुस्ती त्यांच्याकडे होती. दुरुस्ती होईपर्यंत तेल दाबून धरायला विहिरीत मिठाचं पाणी भरतात. ते कमी पडलं आणि टँकर येईना. शेजारीच कूपनलिकेचं स्वच्छ पाणी होतं. गोड्या पाण्यानं कुणाचं वाईट होतं, असं म्हणून गराड्यांनी तेच सोडायला लावलं. मावळातला माणूस खाऱ्याला पाणी म्हणतच नाही. पण तेल असतं वाळूच्या दगडातल्या बारीक छिद्रांत, आणि तिथं चिकणमातीही असते. मिठाच्या पाण्यात ती गप्प बसते, गोडं मिळालं की फुगते. तशी ती फुगली आणि तेलाच्या वाटा बुजल्या. विहीर पुन्हा उघडली तेव्हा धारेच्या जागी थेंब. मग मिठाचं पाणी सोडून पाहिलं, आम्ल सोडून पाहिलं. माती काही मागे हटली नाही.

चौकशीत सगळं टँकरवाल्यावर शेकत होतं. गराडे उठून म्हणाले, हुकूम माझा होता. त्यांची बढती लांबली, त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. मात्र त्या बाजूनं जाताना जीप थांबवून विहिरीचा दाब बघून यायचे. ती पुन्हा वाहती व्हावी, एवढंच त्यांना हवं होतं. पडलेल्या चेहऱ्यानं परत येत, तेव्हा मला फार वाईट वाटे.

वडील गेल्यावर नोकरी सोडून ते गावी परतले. पुढे एकदा सुट्टीत मी वडिवळ्याला गेलो, तर भातलावणीआधी खाचरात बैलांमागे त्यांची चिखलणी चाललेली. बोलणंही पुन्हा गावचं झालेलं. बांधाशी येऊन घरच्यांची चौकशी केली, आणि मग विचारलंच, "आपल्या हिरीचं काय?"

"बंद केली. सिमेंट भरलं."

त्यांनी पायानं चिखल दाबला.

"हितं बी मी त्येच करतोय बगा. माती फुगती, भोकं बुजत्यात, मग पानी थांबतं न् भात उभा ऱ्हातो. मातीचं काय चुकलं न्हाई. माजी जागा चुकली."

निघताना त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी नकळत आधी बोट बुडवून जिभेला लावलं.

"गोडं हाय," ते म्हणाले. "प्या निवांत."